ऑस्करच्या यादीतून नाव गळतं कसं? नामांकनांचं गणित, सोप्या भाषेत

ऑस्करची नामांकनं जाहीर होतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि आपल्याकडे संध्याकाळचे सात. साडेसातपर्यंत समाजमाध्यमांवर न्यायनिवाडा उरकलेला असतो: अमुकला डावललं, तमुकचा पत्ता कापला, आणि हा तिसरा कुठून उगवला? चिडायला हरकत नाही, या खेळातली अर्धी मजा तीच आहे. पण कुणावर चिडायचं हे ठरवण्याआधी ती यादी तयार कशी होते ते माहीत असलेलं बरं. बहुतेक धक्के मतमोजणीच्या पद्धतीतून येतात. खरा अन्याय होतो तो बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी, जिथे आपलं लक्षही नसतं.

ऑस्कर देणाऱ्या ‘अकादमीने डावललं’ असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर आपल्याकडचं परीक्षक मंडळ असतं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी ज्युरी बसते, सिनेमे बघते, चर्चा करते, भांडते. तिथे कुणीतरी शेवटच्या दिवशी म्हणू शकतं की अहो, ही बाई राहूनच गेली. ऑस्करला असं म्हणणारं कुणी नसतं. साधारण दहा हजार मतदार आपापल्या घरी बसून ऑनलाइन मतपत्रिका भरतात आणि प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही लेखापरीक्षण कंपनी ती मोजते. पाच नावं शेजारी-शेजारी कशी दिसतील याचा विचार करणारा माणूस या साखळीत कुठेच नाही. त्यामुळे यादी एकसुरी झाली तरी ती ‘कुणी’ तशी केलेली नसते. आणि म्हणूनच ती सुधारणंही ज्युरी बदलण्याइतकं सोपं नसतं.

आता मत कोण कुणाला देतं ते बघू. अकादमीत अभिनेते, दिग्दर्शक, लेखक, संकलक, छायालेखक अशा शाखा आहेत. नामांकनाच्या फेरीत बहुतेक विभागांत प्रत्येक शाखा फक्त आपल्यापुरतं मत देते: अभिनयाची नामांकनं अभिनेते ठरवतात, दिग्दर्शनाची दिग्दर्शक, संकलनाची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला मात्र सगळेच मत देतात. पुढे अंतिम फेरीत सगळ्याच विभागांत सगळ्यांना मत असतं. थोडक्यात, नामांकन आणि पुरस्कार या दोन वेगळ्या निवडणुका आहेत आणि दोन्हींचे मतदार वेगळे आहेत. दहा हजारांच्या निवडणुकीत जो आरामात जिंकला असता, तो पाचशे-सहाशे जणांच्या पहिल्या निवडणुकीत पडू शकतो. मग दुसरी निवडणूक त्याच्या नावाशिवायच होते.

मोजणीची पद्धत मराठी वाचकाला खरं तर परकी नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत आमदार पसंतीक्रमाने मत देतात, तीच ही पद्धत. जून २०२२ ची महाराष्ट्रातली राज्यसभा निवडणूक आठवा. जागा सहा, उमेदवार सात, वैध मतं २८४, आणि विजयाचा कोटा साधारण ४१. पहिल्या पसंतीची ३३ मतं मिळवलेले संजय पवार पडले आणि २७ मिळवलेले धनंजय महाडिक निवडून आले. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती. त्यांच्या कोट्यावरची जादा मतं दुसऱ्या पसंतीकडे वळली आणि महाडिक कोट्याच्या पार गेले. पहिल्या पसंतीच्या आकड्यांवरून निकाल सांगणारे त्या रात्री तोंडावर आपटले. ऑस्करचे भाकितकार दरवर्षी आपटतात त्याचं एक कारण हेच आहे.

ऑस्करच्या मतपत्रिकेवर पाच नावं क्रमाने लिहायची असतात (सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा). कोटा काढायचा तर आलेल्या मतपत्रिकांना जागांपेक्षा एकने मोठ्या आकड्याने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. समजा एका शाखेतून ६० मतपत्रिका आल्या. जागा पाच, म्हणून ६० भागिले ६ म्हणजे १०, अधिक १, कोटा ११. अकराच का? कारण अकरा मतं पाचच जणांना मिळू शकतात. सहाव्यालाही मिळायची तर ६६ मतपत्रिका लागतील.

सात दावेदार धरू. पहिल्या क्रमांकाची मतं अशी पडली: अ १८, ब १२, क ११, ड ८, इ ६, फ ४ आणि ग १. अ, ब आणि क तिथल्या तिथे आत आले. ब कडे कोट्यापेक्षा एकच मत जास्त आहे, तेवढ्यासाठी कुणी पुन्हा गठ्ठा उघडत नाही. अ कडे मात्र सात जास्त आहेत, म्हणून त्याच्या १८ मतपत्रिका पुन्हा बघतात आणि दुसऱ्या नावाला प्रत्येकी सात अठरांश मत देतात. त्यांतल्या नऊंवर दुसरा ड असेल आणि नऊंवर इ, तर दोघांना साडेतीन-साडेतीन मिळाली. ड झाला साडेअकरा, आला आत. इ पोचला साडेनऊवर. आता तळाचा ग बाद. त्याची एकुलती मतपत्रिका फ कडे गेली तरी फ पाचवरच अडकतो, मग तोही बाद, आणि पाचवी जागा इ ला.

आता गंमत बघा. ग चं नाव या ६० पैकी ४५ मतपत्रिकांवर तिसरं किंवा चौथं असू शकतं. म्हणजे पाऊण शाखेला ग चं काम आवडलं आहे. तरीही तो आधी बाद होतो, कारण त्याला पहिला क्रमांक देणारा एकच निघाला. ब आणि क यांना पहिलं लिहिणाऱ्या २३ मतपत्रिकांवर खाली काय लिहिलंय ते तर कुणी वाचतच नाही. सगळ्यांच्या ‘आवडत्या पाचांत’ असणं आणि थोड्यांचं ‘सगळ्यात आवडतं’ असणं यांत ही पद्धत दुसऱ्याला जागा देते. ‘सगळे तर तिचं कौतुक करत होते, मग नामांकन कसं नाही?’ या दरवर्षीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. सगळे कौतुक करत होते, पण पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी लिहीत होते.

हे गणित उघड्यावर आलं ते जानेवारी २०२३ मध्ये. ‘टू लेस्ली’ हा छोटा सिनेमा चित्रपटगृहांत जेमतेम २७ हजार डॉलर कमावून गेला होता. जाहिरातीला पैसा नव्हता, आधीच्या मोठ्या पुरस्कारांत नायिका अँड्रिया राइझबरो कुठेच नव्हती. मतदानाच्या तोंडावर नावाजलेल्या कलाकारांनी अचानक तिच्याबद्दल लिहायला सुरुवात केली, मित्रांसाठी खेळ ठेवले, आणि २४ जानेवारीला तिचं नाव केट ब्लँचेट, आना द आर्मास, मिशेल विल्यम्स आणि मिशेल यो यांच्या शेजारी आलं. एका अभिनेत्रीने तर इन्स्टाग्रामवर सरळ हिशेबच मांडला होता: अभिनेत्यांच्या शाखेत १,३०२ सदस्य, नामांकनाला २१८ मतं पुरे. वरचं सूत्र लावून पाहा, १,३०२ भागिले ६ म्हणजे २१७, अधिक १. सगळेच मतदान करत नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात आकडा याहून कमीच लागतो. दोनशे माणसांना तुमचं नाव पहिलं लिहायला लावणं एवढाच तो प्रश्न आहे, आणि दोनशे माणसं फोनवरूनही गाठता येतात.

त्या वर्षी डॅनिएल डेडवायलर आणि व्हायोला डेव्हिस बाहेर राहिल्या. दोघी कृष्णवर्णीय, दोघींची चर्चा महिनोन्‌महिने चाललेली, त्यामुळे वाद पेटला. अकादमीने प्रचाराची तपासणी केली आणि ३१ जानेवारीला सांगितलं की नामांकन कायम राहील. राइझबरोमुळे अमुक एकीची जागा गेली असं कुणी ठामपणे म्हणत असेल तर ते विसरा. अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही. सहावं कोण होतं हे मोजणाऱ्यांपलीकडे कुणालाच ठाऊक नसतं, आणि ‘एका मताने हुकलं’ या छापाच्या सगळ्या बातम्या हवेतल्या असतात. एक सापळा मात्र खरा आहे. ‘तिचं तर नक्कीच होणार’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याची पहिल्या क्रमांकाची मतं पातळ होऊ शकतात, कारण मतदार विचार करतो की तिला माझ्या मताची गरज नाही, मी ते अडचणीत असलेल्याला देतो. असा विचार पुरेशा लोकांनी केला की ‘नक्की’ माणूसच अडचणीत येतो.

दुसरा ओळखीचा धक्का म्हणजे सिनेमाला नामांकन आणि दिग्दर्शकाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘बार्बी’ला आठ नामांकनं मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. पण दिग्दर्शनात ग्रेटा गर्विग नव्हती आणि अभिनेत्रींत मार्गो रॉबी नव्हती. केनचं काम करणारा रायन गॉसलिंग मात्र होता, म्हणून विनोदांना ऊत आला. गर्विगपुरतं बोलायचं तर आधी साधी वजाबाकी करू. चित्रपटाच्या जागा दहा, दिग्दर्शनाच्या पाच. त्या वर्षी दिग्दर्शनाचे पाचही जण त्या दहा सिनेमांतूनच आले: क्रिस्टोफर नोलन, मार्टिन स्कॉर्सेसी, योर्गोस लँथिमोस, जोनाथन ग्लेझर, जस्टिन त्रिए. म्हणजे पाच जण बाहेर राहणार हे ठरलेलंच होतं. गर्विगसोबत अलेक्झांडर पेन, ब्रॅडली कूपर, कॉर्ड जेफरसन आणि सेलीन साँग हेही राहिले. साँग हीदेखील स्त्री, तिचा तो पहिला सिनेमा, आणि तिच्यासाठी कुणी फारसा गळा काढला नाही. गर्विगचं पटकथेसाठी नामांकन होतं, रॉबीचं निर्माती म्हणून चित्रपटासाठी होतं, हेही त्या गदारोळात बाजूला पडलं.

पाच नावं पुन्हा वाचा. एक ग्रीक, एक फ्रेंच, एक इंग्रज, आणि नोलन अर्धा इंग्रज. दिग्दर्शकांची शाखा सहाशेच्या आतली आहे, तिचा कोटा शंभराच्याही खाली येतो, आणि तिच्यात अमेरिकेबाहेरचे लोक भरपूर आहेत. कान किंवा व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेल्या दिग्दर्शकाला तिथे शंभर कडवे चाहते सहज मिळतात. शंभर कोटी डॉलरच्या पुढे धंदा केलेल्या विनोदी सिनेमाच्या दिग्दर्शकाला सगळ्यांचा आदर मिळतो, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर. ही चाल नवीही नाही. १९७५ च्या ‘जॉज’ने धंद्याचे विक्रम मोडले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळवलं, पण दिग्दर्शनाच्या यादीत स्टीव्हन स्पीलबर्गऐवजी फेदेरिको फेलिनी आला. नामांकनं ऐकताना आपलं चित्रीकरण करायला स्पीलबर्गने छायालेखक बोलावून ठेवला होता, त्यामुळे त्याचा पडलेला चेहरा कायमचा टिकून राहिला आहे.

‘आर्गो’ची गोष्ट वेगळी, तिथे तारखांनी घोळ घातला. नामांकनाचं मतदान ४ जानेवारी २०१३ ला संपलं. दिग्दर्शकांच्या संघटनेची, म्हणजे डायरेक्टर्स गिल्डची, यादी आली ८ जानेवारीला. तिच्यात ‘आर्गो’चा दिग्दर्शक बेन ॲफ्लेक, कॅथरिन बिगेलो आणि टॉम हूपर होते. दोनच दिवसांनी ऑस्करची यादी आली, तर तिघेही गायब. गिल्डचे सदस्य हजारोंनी आहेत, त्यांत दूरचित्रवाणीवर काम करणारेही आले. अकादमीची शाखा लहान आणि निवडक. एरवी गिल्डची यादी आधी आली तर शाखेतले लोक निदान तिकडे एक नजर टाकतात; त्या वर्षी ती संधीच नव्हती. पुढे ॲफ्लेकला गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि ‘आर्गो’ दिग्दर्शनाच्या नामांकनाशिवाय सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. असं घडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

इथेच भाकितांचा विषय उरकून टाकू. एखादं नाव ‘धक्कादायक’ आहे की नाही हे आपण भाकितांवरून ठरवतो, आणि भाकितं बनतात गोल्डन ग्लोब, ब्रिटनचे बाफ्टा, अभिनेत्यांची संघटना, समीक्षकांची मंडळं यांच्या याद्यांवरून. यांतले बहुतेक लोक ऑस्करचे मतदार नसतात. अभिनेत्यांच्या संघटनेची नामांकनं तर सदस्यांतून दरवर्षी निवडलेलं सुमारे अडीच हजारांचं मंडळ ठरवतं. तेव्हा ‘डावललं’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की आपण ज्याचं भाकीत वाचलं त्याचा अंदाज चुकला.

प्रमुख की सहायक, हा आणखी एक गुंता. निर्माते प्रचारात एखाद्या कलाकाराला ‘सहायक’ म्हणून उभं करतात, कारण तिथे गर्दी कमी असते. पण मतदारावर ते बंधन नाही. तो त्याच भूमिकेसाठी ते नाव प्रमुख विभागात लिहू शकतो. दोन्हीकडची मतं वेगवेगळी मोजतात आणि जिथे आधी कोटा पुरा होईल तिथे नामांकन. केट विन्स्लेटचा प्रचार २००८ च्या ‘द रीडर’साठी सहायक म्हणून चालला होता, मतदारांनी तिला प्रमुख विभागात नेलं आणि ती तिथे जिंकली. २०२१ मध्ये उलटं झालं: लॅकीथ स्टॅनफिल्डला प्रमुख म्हणून उभं केलं होतं, नामांकन आलं सहायकमध्ये, तेही त्याच सिनेमातल्या डॅनियल कलुयाच्या शेजारी. मग त्या सिनेमात प्रमुख होतं कोण, हे विचारणाऱ्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही. यातला खरा धोका मतं फुटण्याचा. अर्ध्यांनी इकडे लिहिलं, अर्ध्यांनी तिकडे, की दोन्हीकडे कोटा हुकतो. पूर्वी तर एकाच भूमिकेला दोन्हीकडे नामांकन मिळू शकायचं. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’साठी बॅरी फिट्झजेराल्डला मिळालं आणि त्यानंतर नियम बदलला.

काही नावं शर्यतीत मुळात नसतातच. जॉनी ग्रीनवुडचं ‘देअर विल बी ब्लड’चं संगीत वाखाणलं गेलं, पण त्यात आधी रचलेला भाग बराच होता, म्हणून ते अपात्र ठरलं. उलट बाजूने, जानेवारी २०१४ मध्ये एका अनोळखी सिनेमाच्या गाण्याला नामांकन मिळालं आणि सगळे चक्रावले. संगीतकाराने शाखेतल्या सदस्यांना ईमेल पाठवल्याचं निघालं आणि दोनेक आठवड्यांत ते नामांकन रद्द झालं.

आता मतमोजणीने झाकता न येणारी बाजू. २०१५ आणि २०१६, सलग दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना गेली. एखाद्या वर्षी एक नाव हुकणं हा योगायोग म्हणता येईल, चाळीसपैकी चाळीस म्हणजे मतदारयादीचा दोष. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१२ मध्येच शोधून काढलं होतं की मतदारांत ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष आहेत, आणि मध्यम वय ६२. जानेवारी २०१६ मध्ये अकादमीने स्त्रिया आणि अल्पसंख्य समूहांतल्या सदस्यांची संख्या २०२० पर्यंत दुप्पट करायचं ठरवलं, परदेशांतूनही भरती वाढवली. आता स्त्रिया साधारण एक तृतीयांश आहेत. ‘बार्बी’च्या वर्षी युरोपीय दिग्दर्शक आत आले त्यामागे हीच भरती आहे असं मानायला जागा आहे. एक दार उघडलं की झुळूक कुठल्या बाजूने येईल ते आपल्या हातात नसतं.

आरडाओरड्याने नियम बदलल्याची आणखी उदाहरणं आहेत, आणि ती आपल्या रागाला दिशा द्यायला उपयोगी आहेत. १९३४ च्या कामासाठी बेटी डेव्हिसला नामांकन मिळालं नाही म्हणून एवढा ओरडा झाला की मतपत्रिकेवर बाहेरचं नाव लिहायची मुभा द्यावी लागली. तेव्हा क्रमांक जाहीर करायचे. ती तिसरी आली. ती मुभा पुढच्या वर्षीही होती आणि छायालेखक हॅल मोर त्याच वाटेने जिंकला, असं जिंकलेला तो एकटाच. नंतर मुभा बंद झाली. मतमोजणी बाहेरच्या लेखापरीक्षकांकडे गेली तीही त्याच काळात. २००९ मध्ये ‘द डार्क नाइट’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत नव्हता, त्यावरून इतकी टीका झाली की पुढच्या वर्षीपासून जागा दहा केल्या. मध्ये काही वर्षं पाच ते दहा अशी लवचीक संख्या होती, २०२२ च्या सोहळ्यापासून पुन्हा ठरलेल्या दहा. ज्यांनी ‘ते मूर्ख आहेत’ म्हटलं त्यांच्यामुळे काही हललं नाही; ‘पाचच जागा का?’ विचारणाऱ्यांमुळे हललं.

अजून एक भोक बुजलेलं नाही. २०२६ च्या पुरस्कारांपासून अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित सिनेमे बघणं सक्तीचं झालं आहे. पण त्याआधी, नामांकनाच्या फेरीत, शेकडो सिनेमांतून काय बघायचं हे बहुतेक विभागांत सदस्याच्या मर्जीवर आहे. जो सिनेमा उघडलाच गेला नाही त्याला मत कुठून मिळणार? जाहिराती, खास खेळ, कलाकारांसोबतची प्रश्नोत्तरं हा सगळा खर्च त्यासाठीच असतो, आणि छोटे सिनेमे मार खातात ते इथे.

आपल्याकडच्या बातम्यांत मात्र या सगळ्याच्या आधीच गोंधळ उडतो. दर जानेवारीत ‘भारतीय सिनेमा ऑस्करच्या शर्यतीत’ असे मथळे येतात. २०२५ मध्ये ‘कंगुवा’ आणि ‘स्वातंत्र्यवीर सावरकर’बद्दल आले होते. ती होती पात्र सिनेमांची यादी, ३२३ नावांची. तिच्यात यायला दर्जाची परीक्षा नसते. सिनेमा ४० मिनिटांहून मोठा असावा, अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा महानगर भागांपैकी एकात सलग सात दिवस चित्रपटगृहात लागावा, रोज किमान तीन खेळ व्हावेत आणि त्यातला एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान असावा, शिवाय अर्ज वेळेत भरावा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी आणखी अटी आहेत, म्हणून त्या यादीत २०७ च उरले. या यादीतला सिनेमा नामांकनात दिसला नाही तर त्याला डावललं म्हणणं म्हणजे अर्ज भरलेल्या प्रत्येकाला नोकरी नाकारली म्हणण्यासारखं आहे.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा विभाग वेगळा. तिथे प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवतो आणि भारतातर्फे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची निवड समिती ठरवते. आजवर पाचांत पोचलेले भारतीय सिनेमे तीनच: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. मराठीतून संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ मध्ये, परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ मध्ये आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ मध्ये गेला. नामांकन एकालाही नाही. ‘श्वास’च्या वेळी अमेरिकेतल्या प्रचारासाठी लोकवर्गणी उभी करावी लागली होती. तिथे खेळ लावणं, प्रसिद्धीतज्ज्ञ नेमणं, जाहिरात देणं यासाठी सरकार किंवा फेडरेशन आपोआप पैसे देत नाही, आणि निवड सप्टेंबरच्या आसपास झाली की हातात जेमतेम तीन महिने उरतात. ज्या सिनेमाला आधीच अमेरिकी वितरक मिळालेला असतो तो इथेच पुढे निघून जातो.

२०२२ मध्ये फेडरेशनने गुजराती ‘छेल्लो शो’ निवडला तेव्हा ‘आरआरआर’च्या चाहत्यांनी तोंडसुख घेतलं. ‘छेल्लो शो’ नामांकनांआधी येणाऱ्या पंधरा सिनेमांच्या यादीपर्यंत गेला. ‘आरआरआर’ सर्वसाधारण विभागांत उतरला आणि ‘नाटू नाटू’ने पुरस्कार आणला. म्हणजे फेडरेशनचं दार बंद झालं म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत, फक्त खर्च स्वतःचा करावा लागतो. माहितीपटांना तर फेडरेशनकडे जावंच लागत नाही. गेल्या काही वर्षांत भारतातली सगळ्यात जास्त नामांकनं त्याच वाटेने आली आहेत, ती उगाच नाही.

सगळ्यात शिकण्यासारखं वर्ष २०२४ चं. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कानला ग्रां प्री जिंकला होता. निम्म्याहून जास्त मुंबईत घडणारा आणि शेवटी रत्नागिरीच्या किनाऱ्याला पोचणारा हा सिनेमा, मल्याळम-हिंदी-मराठी बोलणारा. फेडरेशनने पाठवला ‘लापता लेडीज’. योगायोग असा की छाया कदम दोन्हींत होत्या, त्यामुळे निदान त्यांच्या चाहत्यांची पंचाईत झाली. फ्रान्सचाही कपाडियाच्या सिनेमाच्या निर्मितीत वाटा होता. तिथल्या समितीने तो अंतिम काहींत घेतला, पण शेवटी ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला आणि त्याला १३ नामांकनं मिळाली. ८५ देशांच्या सिनेमांतून १५ निवडले गेले त्यांत ‘लापता लेडीज’ नव्हता; ब्रिटनने पाठवलेला हिंदी ‘संतोष’ होता. कपाडियाचा सिनेमा बाकीच्या विभागांत पात्र होता, तिथेही काही हाती लागलं नाही. यात हॉलिवूडने भारताला डावललं अशी ओरड झाली, पण क्रम पाहा: पहिला निर्णय इथला, दुसरा पॅरिसचा, आणि लॉस एंजेलिसच्या मतदारांसमोर आंतरराष्ट्रीय विभागात तो सिनेमा आलाच नाही.

म्हणून भारतीय सिनेमाबद्दल काही म्हणायचं असेल तर तारखा लक्षात ठेवा. फेडरेशनची निवड साधारण सप्टेंबरमध्ये जाहीर होते, वाद घालायचा तर तेव्हा घाला, कारण त्या समितीत कोण असावं आणि तिने वितरक, महोत्सव, प्रचाराची तयारी हे बघावं का, हे प्रश्न इथेच सुटण्यासारखे आहेत. पंधरा सिनेमांची यादी येते डिसेंबरच्या मध्याला. तिच्यात नाव नसेल तर जानेवारीतल्या त्या संध्याकाळी सात वाजता आंतरराष्ट्रीय विभागासाठी मोबाइल हातात धरून बसायची गरज नाही.